येरवडा म्हणजे पहाट

४ ऑगस्ट, सोमवार

पत्र आले! पुण्याचे बोली-संग्रह मंडळ मराठीच्या बोलींचा कोश काढणार आहे. मावळ विभागाला संपादक हवा. इच्छुकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत तीनशे मावळी शब्द अर्थांसह ईमेलने पाठवायचे. मग व्हिडिओ कॉलवर मुलाखत. निवड होईल त्याचे नाव पुस्तकावर. छापील.

इच्छुक आणखीही असतील. असोत बापडे. लोणावळ्यात बत्तीस वर्षे मराठी शिकवले आहे मी. वर्गात कोणी ‘न्हाई’ म्हटले की तिथेच उभे करून दहा वेळा ‘नाही’ वदवून घ्यायचो. मावळी बोलीशी इतका जवळचा संबंध दुसऱ्या कोणाचा आला असेल?

तरी आजवर माझे नाव कुठे छापून आलेले नाही. एकदा शाळेच्या अंकात आले होते, पण तो अंक हस्तलिखित होता. भूगोलाच्या परचुऱ्यांचे मात्र गाइड निघाले. चौथी आवृत्ती चालू आहे म्हणे. नद्यांची नावे लिहायला काय अक्कल लागते?

संकल्प: रोज पाच शब्द. साठ दिवसांत तीनशे. उरलेले अठ्ठावीस दिवस प्रस्तावनेला.

५ ऑगस्ट, मंगळवार

शब्द आजपासूनच सुरू करणार होतो, पण आधी साधन हवे. बोली ही लोकांत बसून टिपायची गोष्ट आहे. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर, एसटी स्टँडवर, जिथे माणसे बोलतात तिथे. म्हणजे पोर्टेबल रायटिंग. शिवाय मुलाखत व्हिडिओवर. माझ्या फोनवर माझी फक्त नाकपुडी दिसते, असे श्रीयशचे मत आहे. मुलगा पुण्यात नोकरीला असला की बापाच्या नाकपुड्या काढतो.

निष्कर्ष: टॅब घेणे.

पद्मजा म्हणाली की कपाटात शाळेच्या वेळच्या अकरा कोऱ्या वह्या पडल्या आहेत. बायकोला संशोधन आणि वाण्याची यादी यांतला फरक पस्तीस वर्षांत कळलेला नाही. (ही रोजनिशी त्यातल्याच एका वहीत आहे, पण तो विषय वेगळा.)

७ ऑगस्ट, गुरुवार

टॅबचा तौलनिक अभ्यास. बारा रकान्यांचा तक्ता केला. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा, वजन, मराठी.

वजनाचा प्रयोग प्रत्यक्ष केला. घरातला पोळपाट साधारण अकरा इंची. तो पिशवीत घालून तुंगार्लीपर्यंत जाऊन आलो. हात भरून आला नाही. म्हणजे अकरा इंच चालेल. घरी आलो तर पोळ्या झालेल्या नव्हत्या. कारण विचारल्यावर पद्मजा जे बोलली ते कोणत्याच कोशात बसणार नाही.

शब्द: शून्य.

११ ऑगस्ट, सोमवार

बाजारात विक्कीच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. विक्की माझाच विद्यार्थी, नववी क. शुद्धलेखनात कायम नापास. आता दुकानात एसी आहे. त्याने तीन टॅब काढून ठेवले.

पहिला चांगला, पण त्याचे पेन वेगळे विकत घ्यायचे. म्हणजे पाटी देणार, पेन्सिल नाही. बाद.

दुसऱ्याचा माइक दाबून विक्की बोलला की आमच्या सरांना लय भारी टॅब पायजे हाय. यंत्राने अगदी तेच लिहिले. लय. पायजे. हाय. मी हादरलो. समोरचा जे बरळेल ते जसेच्या तसे उतरवायचे? त्याला काही व्याकरण? बाद.

तिसऱ्याशी विक्की तेच वाक्य बोलला. पडद्यावर उमटले: ‘आमच्या सरांना खूप चांगला टॅब पाहिजे आहे.’ अंगावर काटा आला. याला म्हणतात संस्कार.

विक्की म्हणाला की सर, ह्याच्यात शुद्धलेखन आपोआप होतं, पण ते बंद करता येत न्हाई. तुमचं काम बोलीचं हाय ना, मग दुसरा बरा पडंल. ज्याला नववीत ऱ्हस्व-दीर्घ जमले नाही तो मला भाषेचे यंत्र निवडून देणार! त्याला सांगितले, हाय नव्हे, आहे. तो व्हय सर म्हणाला.

तिसराच घेणार. पण घाई नाही. गणपतीत ऑफर येतात.

२८ ऑगस्ट, गुरुवार

ऑफर आली. टॅबवर मिक्सर मोफत. पद्मजेला अचानक संशोधनाचे महत्त्व पटले. पण कुठेतरी वाचले की नवे मॉडेल येते आहे. थांबणे शहाणपणाचे.

श्रीयश गणपतीसाठी आला होता. म्हणाला की बाबा, काहीही घ्या पण घेऊन टाका. या पिढीला संयम नाही.

शब्द: शून्य. उरलेले दिवस चौसष्ट. हिशेब केला, अजूनही रोज पाचच पुरतात. म्हणजे आतापर्यंत एकही दिवस वाया गेलेला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

नवे मॉडेल आले, पण पितृपक्ष लागला. खरेदी दसऱ्यावर गेली. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण पूर्वजांचा होता, आणि पंधरवडा त्यांचा आहे.

पद्मजेने विचारले की पितृपक्षात शब्दही गोळा करत नाहीत का?

आज सकाळी अंबूबाई दूध घालायला आली. भुशीहून वीस वर्षे येते. माप ओतता ओतता सांगत होती की आवंदा पावसानं लय झोडपलं, खाचरात गुडघ्याएवढं पानी हाय, आन् वाईच उघडलं की पुन्ना सुरू. एका दमात तीन उत्तम शब्द! आवंदा, खाचर, वाईच. टॅब नसल्यामुळे टिपता आले नाहीत. पद्मजा म्हणाली की तुमच्या खिशाला पेन आहे. तिला मुद्दाच कळत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

टॅब घेतला! जुने मॉडेल. नवे पितृपक्षातच संपले.

पूजा केली. झेंडू वाहिला, हळदकुंकू वाहिले. हळदीने चार्जिंगचे भोक बुजले. विक्कीने टाचणीने कोरून दिले. तो म्हणाला की सर, मशीनला आशीर्वाद लय झाले. विद्यार्थी गुरूची चेष्टा करतो तेव्हा त्याचा पाया आपणच कच्चा ठेवलेला असतो.

उद्यापासून रोज अकरा शब्द.

८ ऑक्टोबर, बुधवार

कव्हर आणले. ते उभे राहत नाही म्हणून स्टँड. स्टँड हलतो म्हणून त्याच्यामागे चिक्कीचे दोन डबे. वॉलपेपर म्हणून राजमाचीचा फोटो लावला, म्हणजे मावळी वातावरण राहील. पहिल्या पानावर शीर्षक टाइप केले: ‘मावळी बोली’. ठळक केले. मध्यभागी आणले. आज एवढे पुरे.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रत्यक्ष क्षेत्रकार्य. टॅब घेऊन भुशीच्या धरणावर. ऊन असे की स्क्रीनवर माझाच चेहरा दिसत होता. लोक भरपूर, पण सगळे मुंबईचे आणि गुजराती. एका कुटुंबाने येऊन एका फोटोचे किती घेता असे विचारले. त्यांचा फोटो काढून द्यावा लागला. चांगला आला. त्यांना तो कसा पाठवायचा ते मात्र मला कळेना, म्हणून ते रागावून गेले.

शब्द: शून्य. फोटो: एक.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुलाखतीची रंगीत तालीम. मी बैठकीच्या खोलीत, पद्मजा स्वयंपाकघरात तिच्या फोनवर. ती म्हणाली की कपाळ आणि पंखा दिसतोय. स्टँडखाली तिसरा डबा घातला. मग म्हणाली की तुम्ही माझ्याशी न बोलता शेजारच्यांशी बोलताय असे वाटतेय. याच्या कॅमेऱ्याची जागा कडेला आहे. तक्त्यात हा तेरावा रकाना हवा होता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीत जगात कुठेही संशोधन होत नाही.

उरले सात दिवस. रोज त्रेचाळीस शब्द. जरा जास्त वाटतात, पण मार्ग सापडला आहे. मी लोकांत जाण्यापेक्षा लोकच माझ्याकडे येतात. उद्या अंबूबाईला ओट्यावर बसवायचे, टॅब पुढे धरायचा, ती बोलेल, यंत्र लिहील. हे दोन महिन्यांपूर्वी सुचू नये, याला पद्मजाच जबाबदार. सारखी वह्यांचे काढते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पहिली बैठक. अंबूबाईने किटली बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि विचारले की मास्तर, मी बोलते तसं बोलू, का तुमाला पायजे तसं?

म्हटले, स्पष्ट आणि शुद्ध बोला, यंत्राला कळले पाहिजे. तर ती बातम्या दिल्यासारखी सुरू झाली की आम्ही सकाळी उठतो व गुरांना चारा देतो. शाबास म्हणालो. मग आठवले की आपल्याला बोली हवी आहे. तिला सांगितले, बोलीच बोला, पण शुद्ध. ती म्हणाली की मंजी पान्यात उतरा, पन वलं होऊ नका.

आत पद्मजा हसली. सहेतुक.

त्यानंतर मात्र अंबूबाई सुटली. मीच मधे मधे थांबवून एकेक शब्द आणि अर्थ तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेत होतो. तासाभरात बावन्न शब्द. स्क्रीनकडे बघायचीही गरज पडली नाही. तंत्रज्ञान!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दोनशे दहा शब्द झाले. बोलता बोलता गोरखचा विषय निघाला. गोरख हा तिचा थोरला, माझ्याच वर्गात होता. ती म्हणाली की तुमच्या वर्गात आमचा गोरख वरीसभर तोंड उघडत नव्हता. घरी आला की गोठ्यात जायाचा आन् म्हशीसंगट समदं बोलायचा. शाळंत काय झालं, कोन पडलं, कोनाला मार बसला, समदं.

तेव्हा शाळेत शिस्त होती, असे तिला सांगितले. व्हय, व्हती, म्हणाली.

म्हशीशीच का बोलायचा ते विचारायचे राहिले.

३० ऑक्टोबर, गुरुवार

तीनशे पूर्ण! पहिले पान सहज वाचले आणि चकित झालो.

नाही: नाही
होय: होय
इथे: इथे
कुठे: कुठे

मावळी बोली आणि प्रमाण मराठी यांत काडीचाही फरक उरलेला नाही! असे का व्हावे, यावर बराच विचार केला. उत्तर एकच. बत्तीस वर्षे दर वर्षी साठ-सत्तर मुले माझ्या हाताखालून गेली. ती घरोघरी शुद्ध बोलली, त्यांची मुले शुद्ध बोलली. एका माणसाने एक तालुका सुधारला. हे स्वतःच कसे लिहायचे असा संकोच होता, पण सत्य ते सत्य. प्रस्तावनेत लिहिले.

पुढच्या पानावर ‘आनंद: या वर्षी’ असे आहे. किती सुंदर! शेतकऱ्याला चालू वर्षच आनंदाचे वाटते. असला शब्द शहरात सुचणार नाही.

पुढची पाने वाचली नाहीत. यंत्र शुद्ध आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पाठवले. सोबतचा अर्ज, म्हणजे नाव, पत्ता, शिक्षण, सगळे बोलूनच भरले. एक अक्षर टाइप केले नाही.

परचुरे बाजारात भेटले. त्यांना सहज सांगितले की कोशाचे संपादन करतो आहे. ‘करणार आहे’ म्हणणे जास्त काटेकोर झाले असते, पण भूगोलवाल्यांना काळ कळत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार

मुलाखत झाली.

अकराला मंडळाच्या आसावरी मॅडम स्क्रीनवर आल्या. आवाज स्वच्छ, चित्र स्वच्छ. तीन डबे बरोबर होते. त्या म्हणाल्या की सर, यादी वाचली, काही शंका आहेत. मला वाटले प्रस्तावनेबद्दल असतील.

त्यांनी विचारले की तुमच्याकडे ‘येरवडा’ म्हणजे पहाट?

क्षणभर मलाही कळेना. पण बत्तीस वर्षे वर्गावर उभा राहिलेला माणूस ‘मला माहीत नाही’ असे म्हणत नसतो. म्हटले, येरवड्याला तुरुंग आहे. तुरुंगात पहाटे उठवतात. त्यावरून लक्षणेने.

त्यांनी काहीतरी लिहून घेतले. मग विचारले की ‘वाईट’ म्हणजे थोडेसे? म्हटले, मावळी माणूस दिलदार. थोडे दिले तर त्याला ते वाईटच वाटते. ‘मोर’ म्हणजे पुढे? म्हटले, मिरवणुकीत मोर पुढे असतो. हे सांगताना माझे मलाच कौतुक वाटले.

मग ‘खेचर’ म्हणजे भाताचे शेत. मी पूर्वी नांगराला खेचर जोडत असत, अशी सुरुवात केली होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

अंबूबाई. म्हैस व्यायली म्हणून पद्मजेला चीक घेऊन आली होती आणि दारातून ऐकत होती. म्हणाली की अवो मास्तर, खेचर कुटलं? खाचर! आन् येरवडा न्हवं वो, येरवाळी! येरवाळी म्हंजी सकाळच्या पारी, लवकर. तुमाला चार येळा सांगितलं मी. म्होरं, मोर न्हाई. वाईच, वाईट न्हाई.

म्हटले, अंबूबाई, मुलाखत चालू आहे. मॅडम म्हणाल्या की सर, टॅब जरा त्यांच्याकडे वळवता का?

चिक्कीचे डबे वळत नाहीत. मी टॅब हातात धरला. अंबूबाई उंबऱ्यात बसली आणि बोलू लागली. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यापासून सुरुवात केली, खळ्यावर आली, मग पावसाच्या नावांवर. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस. मॅडमनी आणखी दोघांना हाक मारून स्क्रीनसमोर बसवले. अधूनमधून त्या मला म्हणत होत्या की सर, थोडा वर. सर, हलवू नका. पन्नास मिनिटे. पोळपाट पिशवीत घालून चालणे वेगळे आणि छातीसमोर आडवा धरणे वेगळे. खांदा गेला.

मुलाखत एकंदरीत उत्तम झाली. मी त्यात शेवटी नव्हतो, एवढेच.

चीक मात्र खाल्ला नाही. वाटी पद्मजेकडे सरकवली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मंडळाचा ईमेल. मावळ विभागासाठी संपादक न नेमता मंडळ स्वतःच काम करील. सदस्य भुशीला जाऊन अंबूबाईंजवळ बसतील. अंबूबाईंना कधी वेळ आहे ते कृपया विचारून कळवावे. टॅब आणण्याची तसदी घेऊ नये. आपले साहाय्य मोलाचे.

याचा नीट अर्थ लावला पाहिजे. संपादक नेमलाच नाही, म्हणजे माझ्यावर कोणी मात केलेली नाही. शिवाय ‘मोलाचे’ हा शब्द त्यांनी स्वतःहून वापरला.

अंबूबाईला विचारले. म्हणाली की मास्तर, बेस्तरवारी या म्हनावं, येरवाळी. तसेच कळवले. ‘गुरुवारी, लवकर’ असे लिहिले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काल मराठी भाषा दिनाला मंडळाची नमुना पुस्तिका निघाली. आज टपालाने आली. मुखपृष्ठावर ‘मावळी बोली’. खाली: ‘शब्द आणि अर्थ: अंबूबाई दळवी, भुशी’.

अंबूबाईला तिची प्रत कालच मिळाली होती. दूध घालताना सांगत होती की गोरखनं घरात समद्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवली. पयल्या पानापासनं शेवटापतुर. मी तिला दोनदा विचारले, गोरखने? मोठ्याने? व्हय, म्हणाली, गप बसंना झालाय.

ती गेल्यावर माझे नाव शोधले. सगळी पाने पाहिली. शेवटच्या पानावर आभार आहेत. चहा-फराळाची व्यवस्था करणाऱ्यांच्या खाली एक ओळ: ‘तांत्रिक साहाय्य: श्री. डिसेंबर, लोणावळा’.

आधी वाटले, दुसरा कोणी असेल. मग आसावरी मॅडमना फोन केला. त्या फार ओशाळल्या. म्हणाल्या की पुस्तिकेचे काम ज्यांनी केले त्यांनी नाव तुमच्याच अर्जावरून घेतले. अर्ज उघडून पाहिला. नावाच्या रकान्यात डिसेंबर आहे. दिगंबर म्हणून मराठीत काही असते, हे टॅबला मान्य नाही.

मॅडम म्हणाल्या की प्रती छापून झाल्या आहेत, आता बदल होणार नाही. पण सर, शुद्धिपत्र नक्की लावू. ‘डिसेंबरऐवजी दिगंबर वाचावे.’

फोन ठेवला. मग लक्षात आले की यात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आलेली नाही. अंबूबाईचे नाव पुस्तकात एकदाच आहे. माझे दोनदा येणार.

आत जाऊन पद्मजेला हे सांगितले. वाटले, हसेल. ती हसली नाही. तिने माझ्यासाठी चहा टाकला. ते फार लागले.